खोट्या केसमधनं घरचे सुटले, आता खोटी साक्ष दिलेल्यांना कोर्टात ओढता येतंय काय?

बांधावरची_बाभळ:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव बेळगावपासनं गाडीनं पाऊण तास, पश्चिम अंगाला. २०१९ च्या मे मधी, पेरणीच्या तोंडावर, बांधावरनं भाऊबंदकीत भांडण झालं. समोरच्यांनी जेसीबी लावून आमचा बांध दोन फूट आत सरकवला, काका विचारायला गेले, आरडाओरडा झाला, आईबहिणीवरनं शिव्या दोन्ही बाजूनं झाल्या ते लपवत नाही, पण हात कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस दारात. कम्प्लेंट काय तर काकांनी कोयत्याच्या उलट्या बाजूनं डोक्यात मारलं, माझ्या वडलांनी धरून ठेवलं आणि चुलत भावानं पाय ओढले. कलमं ३२३, ३२४, ५०४, ५०६ आणि ३४, म्हणजे मारहाण, हत्यारानं दुखापत, शिवीगाळ, धमकी आणि हे सगळं तिघांनी मिळून केलं. आता गंमत बघा, तो चुलत भाऊ त्या दिवशी गोव्यात कंपनीत फर्स्ट शिफ्टला होता, पंचिंगमधी सकाळी सात ते दुपारी तीन दिसतंय, आणि भांडण झालं साडेदहाला.

सहा वर्षं तारखा. काकांनी दोन म्हशी विकल्या, भावाचा पासपोर्ट अडकला, दुबईचं ठरलेलं ते बोंबललं, सोयरीक दोनदा मोडली कारण दोन्ही वेळेला पाहुण्यांच्या कानावर कुणीतरी 'पोरावर केस हाय' घातलं. २०२५ च्या ऑगस्टमधी तिघंबी निर्दोष सुटले. मी पेढे आणायला निघालो तर काका नको म्हणाले, कोर्टासमोरच्या टपरीवर चहा पिला आणि गप्प घरी आले.

आता प्रश्न. फिर्यादी, त्याचा मेव्हणा आणि वाड्यावरचे एक म्हातारे, असे तिघं साक्षीला उभे राहिले, शपथ घेऊन बोलले. पहिले दोघं म्हणाले भावाला आम्ही डोळ्यानं बघितलं. म्हातारे पंच होते, त्यांनी तर पोलिसांच्या कागदावर सही करून कोर्टात येऊन पलटी मारली, म्हणजे दोन्हीपैकी एक तरी खोटंच की नाही? तिघांवरबी खोट्या साक्षीची केस घालता येते काय? कुठं जायचं, खर्च किती, शिक्षा खरंच होते काय का नुसतं पुस्तकात आहे? आमचे वकील म्हणतात सोडा आता, सुटलात तेवढं बस. मला सोडवत नाही.


निपाणी_नाक्यावर:

सोडू नका एकालाबी. ७ वर्षं आहे खोट्या साक्षीला. उद्याच स्टेशनला जाऊन तिघांवर उलटी केस टाका, एकदा आत बसले की बांध आपोआप सरळ होतोय बघा.


काळा_कोट_सुट्टीवर:

निपाणीकर, ७ वर्षांचं बरोबर, स्टेशनचं चूक.

बाभळ भाऊ, मी बेळगावात प्रॅक्टिस करतो, तुमची फाईल बघितलेली नाही त्यामुळे हे ढोबळ समजा. कोर्टात शपथेवर खोटं बोलणं हा कोर्टाविरुद्धचा गुन्हा मानलाय, तुमच्याविरुद्धचा नाही. म्हणून त्याची फिर्याद पोलिसांत देता येत नाही आणि तुम्हाला स्वतःची खासगी फिर्याद पण लावता येत नाही, ज्या कोर्टापुढं खोटं बोललं गेलं त्या कोर्टानंच लेखी तक्रार करायची असते. तुम्ही फक्त त्या कोर्टाला अर्ज देऊन लक्षात आणून द्यायचं. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा त्या कायद्यात, हे कलम ३४०, म्हणून आम्ही अजून पण त्याला तीनशेचाळीसचा अर्ज म्हणतो, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ३७९. कोर्टाला वाटलं तर प्राथमिक चौकशी करेल, नाही वाटलं तर तशीच तक्रार करेल, आणि बऱ्याच वेळा अर्ज फेटाळेल. फेटाळला तर वरच्या कोर्टात अपील आहे, तुमच्या केसमधी म्हणजे सेशन्सला.

कलमांचा घोळ आधी सोडवून घ्या, कारण तुमची केस दोन कायद्यांच्या मधी पडली. फिर्याद २०१९ ची, म्हणजे ती खोटी होती असं म्हणायचं तर जुन्या आयपीसीचं, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या दंड संहितेचं, २११ लागणार. नवीन न्याय संहिता १ जुलै २०२४ पासनं आली, तिच्यात खोट्या आरोपाला २४८ मधी शिक्षा वाढवून ५ वर्षांपर्यंत आणि मूळ आरोप फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं नाहीतर त्याहून जास्त शिक्षेचा असेल तर १० वर्षांपर्यंत केलीय, पण ती मागं जाऊन लावता येत नाही. तुमच्या ३२४ ला जास्तीत जास्त ३ वर्षं, म्हणून जुन्या २११ चा पहिला भाग, २ वर्षांपर्यंत. आणि ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याला दखल घ्यायची मुदत ३ वर्षं असते, ती कधीच उलटून गेली हे समोरचा वकील पहिल्याच तारखेला काढणार. कोर्टातली साक्ष मात्र कधी झाली ते सांगा, जुलै २०२४ च्या नंतर झाली असेल तर न्याय संहितेचं २२९ लागतंय, ७ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड, तिथं मुदतीची अडचण नाही.

आता खरी गोष्ट. निकालाचा कागद काढा आणि शेवटची दोन पानं वाचा. 'संशयाचा फायदा देऊन' असं आहे, की साक्षीदारांचं म्हणणं खोटं आहे असं स्पष्ट लिहिलंय? नव्वद टक्के लोक इथंच अडकतात. सुटलो म्हणजे समोरचा खोटा ठरला असं नसतंय, सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही एवढंच असतंय. सुप्रीम कोर्टानं १९७१ च्या छज्जूराम विरुद्ध राधेश्याम या निकालात सांगितलंय की खोटं जाणूनबुजून बोललेलं पाहिजे आणि शिक्षा होण्याची वाजवी शक्यता दिसली पाहिजे, तरच हा खटला चालवायला परवानगी द्यावी. २००५ च्या इक्बालसिंग मारवाह निकालात पण तेच, न्यायाच्या हिताला ते आवश्यक आहे असं कोर्टाला वाटलं पाहिजे. नुसती विसंगती पुरत नाही. डावीकडनं आला की उजवीकडनं, कोयता की काठी, असल्या गोष्टी सहा वर्षांनी खरं बोलणारा पण चुकवतोय.

म्हणून माझं म्हणणं, सगळी साक्ष खोटी म्हणून चाळीस पानांचा अर्ज देऊ नका. एक वाक्य धरा. 'तिसऱ्या आरोपीला मी तिथं बघितलं' हे एकच. ते कागदानं खोटं पडतंय.


शहापूरची_सून:

एक बोलू काय, राग मानू नका. बाभळ दादांचं नाही म्हणत मी पण इथं प्रत्येक धाग्यात सुटला की तक्रार खोटी, घाला आत, असं सुरू होतंय. माझ्या मावसबहिणीनं नवऱ्यावर मारहाणीची केस घातली होती, शेजारच्या दोन बायका साक्षीला होत्या, तारखेला दोघी फिरल्या कारण त्यांना त्याच गल्लीत राहायचं होतं. तो सुटला. दुसऱ्या दिवसापासनं सासरचे म्हणायला लागले आता तुझ्यावरच खोट्या आरोपाची केस घालतो. ती तीन महिने दार लावून बसली. तिला मारलेलं मी माझ्या डोळ्यानं बघितलंय, हिरवंनिळं पाठीवर. तर सुटणं आणि खोटं यात फरक आहे हे वकील साहेबांनी लिहिलं ते बरं झालं, अजून मोठ्या अक्षरात लिहा.


निपाणी_नाक्यावर:

ताई ते वेगळं आणि हे वेगळं. इथं माणूस गोव्यात होता.


शहापूरची_सून:

म्हणूनच म्हटलं दादांचं नाही. वाचा की नीट.


टेबलामागचा:

मी कोर्टात तीस वर्षं टेबलाच्या मागं काढली, आता रिटायर. वकील साहेबांनी कायदा नीट सांगितला, मी कागदाचं सांगतो, कारण आपल्या भागात खोटं आणि खरं यांच्या मधी एक तिसरी गोष्ट असते ती म्हणजे भाषा.

साक्षीदार मराठीत बोलतो. रेकॉर्ड कन्नडमधी होतं. कायदा सांगतो की साक्षीदार कोर्टाच्या भाषेत बोलत नसेल तर जमल्यास त्याच्याच भाषेत लिहून घ्या, नाही जमलं तर साक्ष चालू असतानाच खरं भाषांतर तयार करा, आणि शेवटी ते त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगा, चूक असेल तर त्याला दुरुस्त करायला मिळालं पाहिजे. जुनं २७७ आणि २७८, आता ३१२ आणि ३१३. आता खरं काय होतंय ते सांगतो. साहेब चांगले असले, वेळ असला, तर व्यवस्थित होतंय, मी तसे पुष्कळ बघितले. बोर्डावर साठ मॅटर असले तर शिरस्तेदार म्हणतो 'बरोबर हाय नव्हं, करा सही', आणि माणूस करतो. पिंजऱ्यातनं खाली उतरायची घाई त्यालाच जास्त असते.

एक किस्सा सांगतो, गाव आणि कोर्ट सांगत नाही. साक्षीदार म्हणाला 'तो अंगावर धावून आला'. रेकॉर्डवर गेलं 'त्यानं अंगावर हल्ला केला'. मराठी माणसाला यातला फरक सांगायला लागत नाही, धावून येणं म्हणजे यायचं नि थांबायचं, आपल्याकडं निम्मी भांडणं तिथंच संपतात. उलटतपासणीत वकिलानं विचारलं मारलं काय, हा म्हणाला नाही की हो, कोण म्हणतंय. झालं, साक्षीदार खोटा ठरला. तो एक अक्षर खोटं बोलला नव्हता.

त्यामुळे बाभळ, साक्षीची नक्कल काढा, निकालाची पण काढा, आणि कन्नड नीट येणाऱ्याकडनं शब्द न शब्द वाचून घ्या. मोबाईलवरच्या भाषांतरावर जाऊ नका. त्यांनी 'बघितलं' म्हटलंय की 'होता असं वाटतं' म्हटलंय की 'ऐकलं' म्हटलंय, या तीन शब्दांवर तुमचा अर्ज उभा राहणार नाहीतर पडणार. खोट्या साक्षीच्या कलमाखालीच कायद्यानं उदाहरणं दिलीत. सही ओळखायला आलेला माणूस प्रामाणिकपणे 'ही त्याचीच सही असं मला वाटतं' म्हणाला आणि ती निघाली दुसऱ्याची, तर तो गुन्हेगार नाही. पण ज्याला काहीच माहीत नाही तो शपथेवर 'अमका त्या दिवशी तिथं होता, मला माहीत आहे' म्हणाला तर तो खोटी साक्ष देतो, मग अमका तिथं असो वा नसो. हे दुसरं उदाहरण तुमच्या त्या मेव्हण्याला अंगरख्यासारखं बसतंय. आणि अजून एक उदाहरण आहे दुभाष्याचं, शपथ घेऊन मुद्दाम चुकीचं भाषांतर करणारा पण खोटा साक्षीदारच. आपल्या भागात हे कुणी वाचत नाही.


बांधावरची_बाभळ:

सगळ्यांना धन्यवाद, शहापूरच्या ताईंना पण. साक्षी २०२४ च्या नोव्हेंबरमधी झाल्या, म्हणजे नवीन कलम. निकालात काका आणि वडलांना संशयाचा फायदा लिहिलंय असं वकील म्हणाले, पण भावाबद्दल वेगळा परिच्छेद आहे, कंपनीचा एचआरवाला आमच्याकडनं साक्षीला आला होता, त्याचा कागद कोर्टानं मानलाय आणि हा तिथं होता हे साक्षीदारांचं म्हणणं स्वीकारता येत नाही असं काहीतरी आहे. नक्कल काढतो.

पण म्हाताऱ्यांचं कुणीच बोलेना. त्यांनी पंचनाम्यावर सही केली नसती तर ही केस उभी राहिली असती काय? आणि मग कोर्टात म्हणाले मला काय माहीत नाही. सही करताना हात कुणी धरला नव्हता. माझा सगळ्यात जास्त राग त्यांच्यावर आहे, कारण बाकीचे दोघं वैरी आहेत, हे आमच्याच घरात गणपतीला जेवायला येणारे.


तात्या_रताळीवाले:

पोरा मी लिहीत नसतो, नातवानं टाईप करून दिलंय.

२००८ च्या आसपासची गोष्ट. माझं रस्त्याला किराणा दुकान. जीपमधनं हवालदार उतरला, म्हणाला तात्या दोन मिनिटाचं काम हाय, सही करा, रस्त्याच्या पलीकडं काहीतरी मुद्देमाल सापडलाय. कागद कन्नड. माझं शिक्षण सातवी, मराठी शाळेत. मी म्हटलं हे काय लिहिलंय, तो म्हणाला काय नाही हो महजर हाय, म्हणजे पंचनामा, तुम्ही गावचे जुने म्हणून तुमची सही. गिऱ्हाईक उभं होतं, तेलाचा डबा हातात होता. केली सही. नाही म्हणता येत नाही रे, दुकान रस्त्याला, उद्या परत तोच येणार.

सात वर्षांनी समन्स. मी विसरून गेलो होतो. पिंजऱ्यात उभं केलं, देवावर प्रमाण करून खरं सांगेन असं म्हणायला लावलं, सिनेमात गीतेवर हात ठेवतात तसलं काय नसतंय. सरकारी वकिलांनी विचारलं तुमच्या समोर माल जप्त केला काय. आता बोल काय सांगायचं. हो म्हटलं तर देवासमोर खोटं, नाही म्हटलं तर सही माझी. मी म्हटलं सही माझी, दुकानात केली, माल मी बघितला नाही. लगेच वकील म्हणाले हा साक्षीदार फितूर झालाय, आणि मलाच प्रश्न सुरू, आरोपीकडनं पैसे घेतलेत हे खरं आहे काय, आरोपीला वाचवायला खोटं बोलताय हे खरं आहे काय. साठ वर्षांचा माणूस मी, भर कोर्टात. घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही. गावात एकानं सांगितलं तात्या आता तुमाला हिंडलग्याच्या जेलात नेणार. सहा महिने जीप दिसली की पोटात गोळा.

काय झालं नाही. कुणी आलं नाही. पण त्या दिवशी मी जे बोललो तेच सगळ्या केसमधलं एक खरं होतं हे मला आज पण वाटतं. तू तुझ्या म्हाताऱ्याला विचारलास काय कधी, सही कुठं केली म्हणून?


काळा_कोट_सुट्टीवर:

तात्यांनी माझं काम केलं. बाभळ भाऊ, कायद्यानं पण हे असंच आहे. पोलिसांपुढचा जबाब शपथेवर नसतोच, त्यावर सही घ्यायची पण नसते, आणि कोर्टात त्याचा उपयोग साक्षीदाराला विसंगती दाखवण्यापुरता. पंचनाम्यावर सही असते पण शपथ नसते. त्यामुळे पोलिसांत एक आणि कोर्टात एक, एवढ्यावर खोटी साक्ष होत नाही. मॅजिस्ट्रेटपुढं शपथेवर जबाब झाला असता, जुनं १६४, आणि मग कोर्टात उलटं बोलले असते तर गोष्ट वेगळी. तिथं कायद्याच्या पुस्तकातच उदाहरण आहे, एकानं मॅजिस्ट्रेटपुढं शपथेवर सांगितलं अमक्यानं सोटा मारलेला मी बघितला, सेशन्सला शपथेवर म्हणाला मारलाच नाही, तर दोन्हीपैकी नेमकं कुठलं खोटं हे सिद्ध नाही झालं तरी त्याच्यावर पर्यायी आरोप ठेवता येतो. तुमच्या म्हाताऱ्यांनी शपथेवर एकदाच तोंड उघडलं, आणि तेव्हा ते तुमच्या बाजूचं बोलले.

फितूर शब्द पण वाईट आहे. लोकांना वाटतं फितूर म्हणजे जेल. गुजरातच्या बेस्ट बेकरी केसमधी मुख्य साक्षीदार झाहिरा शेख यांना सुप्रीम कोर्टानं २००६ मधी एक वर्षाची शिक्षा आणि ५० हजारांचा भुर्दंड दिला, त्याची बातमी सगळीकडं झाली म्हणून लोकांच्या डोक्यात ते बसलंय. पण ते कोर्टाच्या अवमानाखाली होतं, परत परत जबाब बदलल्याबद्दल, आणि तसली केस रोज होत नाही. रोज काय होतंय ते तात्यांनी लिहिलं.

अजून दोन गोष्टी, पहिल्यांदा लिहायच्या राहिल्या. एक, खोट्या आरोपाबद्दल फिर्यादीकडनं भरपाई द्यायची सोय मॅजिस्ट्रेटला आहे, जुनं २५०, पण ती निर्दोष सोडण्याच्या आदेशातच सुरू करावी लागते, ऑगस्टमधी तुमच्या वकिलांनी मागितली नसेल तर ती गाडी गेली. दोन, बदहेतूनं खटला भरल्याबद्दल सिव्हिल कोर्टात नुकसानभरपाईचा दावा. त्याला मुदत सुटल्यापासनं एक वर्ष, म्हणजे २०२६ चा ऑगस्ट. त्यात फक्त सुटलो एवढं सांगून चालत नाही, केस घालायला वाजवी कारण नव्हतं आणि मनात खुन्नस होती हे तुम्हाला सिद्ध करायचं असतंय, आणि मागाल त्या रकमेवर कोर्ट फी. पासपोर्टचा आणि नोकरीचा कागद भावाकडं असेल तर त्याचा विचार करा. म्हशींची पावती कुणी ठेवत नाही ते मला माहीत आहे. आणि समोरच्यांनी निकालावर अपील केलंय काय ते पण आधी बघून घ्या, केलं असेल तर ते हेच म्हणणार की निकालच अजून पक्का नाही.

आणि ऐका, अर्ज दिला म्हणजे उद्या हातकड्या असं नाही. कोर्टानं तक्रार केली तरी ती परत फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटपुढं खटला म्हणून चालणार, परत साक्षी, परत तारखा. या वेळेला बाकावर ते बसतील आणि शेजारी तुम्ही.


निपाणी_नाक्यावर:

म्हणजे परत सहा वर्षं. मी माझा सल्ला मागं घेतो बाबा.


बांधावरची_बाभळ:

तीन आठवड्यांनी लिहितोय. नकला मिळाल्या. ज्याच्यावर केस होती तोच चुलत भाऊ आमच्यात एकटा कन्नड मिडियमला शिकलेला, त्याच्यासमोरच सगळं ठेवलं आणि त्यानं वाचून दाखवलं, आम्ही ओट्यावर बसून ऐकलं.

मेव्हण्याच्या साक्षीत स्वच्छ आहे, 'तिसऱ्या आरोपीनं फिर्यादीचे पाय ओढले, मी दहा फुटांवर होतो'. वाटतं नाही, ऐकलं नाही. उलटतपासणीत आमच्या वकिलांनी विचारलंय तो त्या दिवशी गोव्यात होता हे खरं काय, उत्तर 'खोटं आहे, तो गावातच होता, मी सकाळी त्याच्याशी बोललोबी होतो'. हे बोललोबी होतो वाचताना भाऊ हसला. फिर्यादीनं मात्र चलाखी केलीय, 'मला मार लागल्यानं चक्कर आली, पाय कुणी ओढले ते नंतर मेव्हण्यानं सांगितलं'. म्हणजे मी जे ऐकून होतो की दोघांनी डोळ्यानं बघितलं म्हणाले ते माझंच चूक निघालं, मी त्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर होतो आणि कन्नड मला निम्मं कळतं.

म्हाताऱ्यांची साक्ष अर्धं पान. 'मला कन्नड वाचता येत नाही. सही माझी आहे. मी शेतावर गेलो नाही. सही माझ्या गोठ्याजवळ घेतली.' संपलं.

तात्या, तुम्ही सांगितलं म्हणून गेलो त्यांच्याकडं. सहा वर्षांत गेलो नव्हतो. दारात बघून उठून उभं राहिले आणि पहिलं वाक्य काय तर 'परत समन्स आलं काय रे?' मी म्हटलं नाही, असाच आलो. बसायला पोतं टाकलं, ताक दिलं. सहीचं मी काही विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, गोठ्यात धार काढत होते, हात ओले होते, पेन घसरत होतं म्हणून हवालदारानं रुमाल दिला पुसायला. तो रुमाल दिल्याचं त्यांच्या बरोबर लक्षात आहे.

अर्ज मेव्हण्याच्या त्या दोन वाक्यांवरच करतोय. फिर्यादीवर नाही, वकील म्हणाले त्याच्यावर टिकणार नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले माझं नाव घालू नको कशात, पोराचं घाल, त्याचं लग्न व्हायचं आहे. अपील त्यांनी केलेलं नाही, ते पण बघितलं.

शेवटचं एक विचारतो साहेब, गोव्याच्या कंपनीचा पंचिंगचा कागद परत नवीन सर्टिफिकेट घालून आणायचा काय, का केसमधी दाखल आहे तोच चालतोय? कंपनीतला तो एचआरवाला आता बदलून गेलाय.


काळा_कोट_सुट्टीवर:

दाखल आहे तोच. बचाव पक्षाची निशाणी असणार, डी-१ का काय ते नकलेवर बघा आणि तो नंबर अर्जात लिहा, निकालातल्या त्या परिच्छेदाचा नंबर पण लिहा. बोललोबी होतो हे वाक्य कन्नडमधी आहे तसं अवतरणात टाका, भाषांतर खाली वेगळं द्या. भाषांतर भावाकडनं नको, दुसऱ्याकडनं करून घ्या.